किडी औषधाला निर्ढावतात का?

कापसाच्या पट्ट्यात कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. 'औषध' म्हणतात. 'औषध मारलं का?' हा पावसाळ्यात एकमेकांना विचारायचा नेहमीचा प्रश्न, आणि त्याला जोडून येणारी तक्रारही नेहमीचीच, 'मारलं, पण अळी मरत नाही.' कीटकशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे. तक्रार करणाऱ्याच्या मनात पहिला संशय भेसळीचा असतो. भेसळ होतेही. पण पुष्कळदा बाटलीतले औषध अस्सल असते आणि बदललेली असते ती अळी. ही गोष्ट शास्त्रज्ञांना अगदी अलीकडे कळली असा एक समज आहे. तो बरोबर नाही. डीडीटीने किडी मरतात हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते त्या काळात, १९१४ साली, 'किडी फवाऱ्याला दाद देईनाशा होऊ शकतात का?' या अर्थाचे शीर्षक असलेला एक लेख एका अमेरिकन नियतकालिकात छापून आला होता. त्या नियतकालिकाविषयी मला आज बोलायचे आहे.

त्याचे नाव 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक एन्टोमॉलॉजी'. एन्टोमॉलॉजी म्हणजे कीटकशास्त्र आणि 'इकॉनॉमिक' म्हणजे ज्या किड्यांचा माणसाच्या खिशाशी संबंध येतो ते. त्यात पिकाची नासाडी करणाऱ्या अळ्या आल्या, धान्यातले सोंडे आले, गुरांना छळणाऱ्या माश्या आल्या आणि खिशात भर घालणाऱ्या मधमाश्याही आल्या. पहिला अंक फेब्रुवारी १९०८ चा. पहिले संपादक ई. पोर्टर फेल्ट हे न्यूयॉर्क राज्याचे कीटकशास्त्रज्ञ होते. वर्षाला सहा अंक हा त्यांनी घातलेला शिरस्ता आजही चालू आहे. शंभराहून अधिक वर्षे एकाच विषयाला वाहिलेले असे नियतकालिक हाती असले की एक सोय होते. एखाद्या घराचा इतिहास जाणून घ्यायचा तर घरातल्यांच्या आठवणी जरूर ऐकाव्यात, पण त्याबरोबर किराणा दुकानाची वहीही पाहावी. आठवणीत सणावाराची पक्वान्ने असतात, वहीत रोजचे तेलमीठ. शास्त्राच्या इतिहासात मोठमोठे शोध सांगितले जातात. शास्त्रज्ञ रोज काय करत होते, कशासाठी त्यांना पैसा आणि पाने मिळत होती, हे मात्र नियतकालिकाच्या अनुक्रमणिकेत दिसते.

सुरुवात थोडी आधीपासून करावी लागेल. अमेरिकेत शेतीच्या किडींवर काम करणाऱ्यांनी १८८९ साली आपली संघटना काढली. सरकारी कीटकशास्त्रज्ञ सी. व्ही. रायली हे तिचे पहिले अध्यक्ष. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारच्या कीटक विभागाने 'इन्सेक्ट लाइफ' नावाचे एक नियतकालिक सुरू केले होते. ते काही वर्षांनी बंद पडले आणि शेतीच्या कीटकशास्त्रज्ञांना हक्काचे पान उरले नाही. ती उणीव १९०८ मध्ये भरून निघाली. गंमत अशी की, त्याच १९०८ साली, महिन्याभराच्या अंतराने, अमेरिकेत कीटकशास्त्राचे आणखी एक नियतकालिक निघाले. ते दुसऱ्या संघटनेचे. त्या संघटनेचा ओढा शुद्ध शास्त्राकडे, म्हणजे किड्यांचे वर्गीकरण, शरीररचना, उत्क्रांती यांकडे. एकाच देशात, एकाच वर्षी, एकाच विषयाची दोन नियतकालिके! एकीकडे शेतकऱ्याच्या बांधावर जाणारे, दुसरीकडे संग्रहालयात टाचणीला टोचलेले किडे पाहणारे. कीटकशास्त्रातला हा पंक्तिभेद दोन्ही संघटना १९५३ मध्ये एक झाल्या तेव्हा निदान कागदावर तरी संपला. दोन्ही नियतकालिके मात्र आजही वेगवेगळीच निघतात.

जुने खंड आता संगणकावरही वाचता येतात. मी ते आधी ग्रंथालयात वाचले आणि निवृत्तीनंतर पुन्हा वाचले. पहिल्या काही वर्षांच्या अंकांत एक प्रकारचा जिव्हाळा आहे. वार्षिक सभेचे वृत्तांत आहेत, कोणी निबंध वाचला आणि त्यावर कोण काय बोलले तेही छापलेले आहे. एखाद्या किडीची मादी अंडी कुठे घालते, अळी किती दिवसांची असते, कोष जमिनीत किती खोल असतो, हिवाळा ती कशी काढते, असल्या बारीकसारीक नोंदी पानेच्या पाने भरून येतात. याला कारण होते. हातात हत्यारेच थोडी होती. बटाट्यावरच्या भुंग्यांसाठी पॅरिस ग्रीन नावाची हिरवी पूड, नंतर शिशाचे आर्सेनेट, म्हणजे दोन्ही सोमलाचेच प्रकार. रॉकेल आणि साबणाचे पाणी. फळबागांसाठी चुना आणि गंधक उकळून केलेले द्रावण. हत्यार बोथट असले की शत्रूच्या सवयी नीट माहीत असाव्या लागतात. त्या काळच्या कीटकशास्त्रज्ञाला किडीची दिनचर्या पाठ असण्याचे हे खरे कारण, असे माझे मत आहे.

याच काळात, सातव्या खंडात, ए. एल. मेलँडर यांचा तो लेख आला. मेलँडर वायव्य अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात काम करत. त्यांचा स्वतःचा आवडीचा विषय होता बारक्या माश्यांच्या एका कुळाचे वर्गीकरण. पण त्यांचे राज्य सफरचंदांचे, आणि सफरचंदाच्या बागांना सॅन होजे नावाच्या खवले किडीने ग्रासले होते. आपल्याकडे काश्मीर आणि हिमाचलमधल्या बागाईतदारांना ही कीड चांगली ठाऊक आहे. कीड इतकी बारीक, की भरपूर झाली म्हणजे फांदीवर राख उडाल्यासारखी दिसते. प्रत्येक किडा मेणचट खवल्याखाली बसून रस शोषत असतो. तिच्यावर चुना-गंधकाचे द्रावण फवारायचे, हा ठरलेला उपाय होता आणि तो लागूही पडत असे.

मग असे दिसू लागले की, क्लार्कस्टन नावाच्या गावाच्या आसपासच्या बागांत तो लागू पडेनासा झाला आहे. वेनॅची आणि याकिमा या दुसऱ्या खोऱ्यांतल्या बागा ज्या द्रावणाने स्वच्छ होत, त्याच द्रावणानंतर क्लार्कस्टनच्या झाडांवर जिवंत खवले उरत. आता इथे कोणालाही सुचतील अशी उत्तरे होती. द्रावण पातळ झाले असेल, फवारणाऱ्याने कामचुकारपणा केला असेल, हवामान आड आले असेल. आपल्याकडच्या भेसळीच्या संशयाचीच ही भावंडे. मेलँडर यांनी द्रावण आणि फवारणारा यांच्या पलीकडे जाऊन किडीकडे पाहिले. एकाच जातीच्या किडीत काही वाण जात्याच चिवट असतील का? फवाऱ्यातून नेमके तेच वाचत असतील आणि त्यांचीच पिलावळ वाढत असेल का? आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम जगापुढे पुन्हा येऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. त्या नव्या ज्ञानाचा धागा फळबागेतल्या फवाऱ्याशी जोडणे ही लहान गोष्ट नव्हती.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, मग पुढे काय झाले? खरे सांगायचे तर फारसे काही झाले नाही. पुढच्या तीस वर्षांत अशी आणखी मोजकी उदाहरणे नोंदली गेली. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांवरचे खवले विषारी वायूच्या धुरीला जुमानेनात, सफरचंद पोखरणारी अळी शिशाच्या आर्सेनेटला जुमानेना. ही सगळी अपवादाच्या खात्यात जमा झाली. प्रश्नचिन्ह छापले गेले, खंड बांधला गेला, कपाटात गेला.

त्याच नियतकालिकात १९२५ साली आलेल्या दुसऱ्या एका लेखाचे नशीब मात्र फार वेगळे निघाले. तो डब्ल्यू. एस. अॅबट यांचा. लेख केवळ तीन पानांचा. शेतकी महाविद्यालयात शिकलेला एकही विद्यार्थी असा नसेल, ज्याने अॅबटचे सूत्र घोकलेले नाही. गोष्ट साधी आहे. समजा, औषध न मारलेल्या झाडावर शंभरांतले वीस किडे आपोआपच मेले आणि ऐंशी उरले. औषध मारलेल्या झाडावर शंभरांतले वीसच उरले. तर औषधाने ऐंशी मारले असे म्हणायचे नाही, कारण वीस तर असेही मरणारच होते. ऐंशी उरले असते तिथे वीस उरले, म्हणजे औषधाचे श्रेय साठ भागिले ऐंशी, पंचाहत्तर टक्के. इतकेच. पण या तीन पानांनी औषधांच्या परीक्षेला एक प्रामाणिक मोजपट्टी दिली. किती तरी देशांतल्या, किती तरी पिकांवरच्या लेखांत अॅबट यांचे नाव आजही तळटीपेत असते.

या दोन लेखांच्या नशिबातला फरक मला फार बोलका वाटतो. अॅबट यांचा लेख उपयोगी पडला, कारण तो हाती असलेल्या कामाला मदत करत होता. मेलँडर यांचा लेख त्या कामालाच प्रश्न विचारत होता. शिवाय अॅबटच्या सूत्राला आज किती किडे मेले ते कळते. जे उरले त्यांच्या नातवंडांचे काय, हे त्याला विचारता येत नाही.

मग डीडीटी आले. पाउल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण सापडला. महायुद्धात इटलीतल्या नेपल्समध्ये उवांमुळे पसरलेली टायफसची साथ या पांढऱ्या पुडीने आटोक्यात आणली. १९४४ साली आपल्या या नियतकालिकात अमेरिकन सरकारच्या कीटक विभागाने डीडीटीच्या चाचण्यांचे एकामागून एक वृत्तांत छापले. कुठल्या किडीवर चालते, कुठल्या पिकावर, किती मात्रेत. म्युलर यांना १९४८ चे नोबेल मिळाले, तेही वैद्यकशास्त्राचे. डीडीटीला आज नावे ठेवणे सोपे आहे. पण आपल्या देशात १९५३ मध्ये हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे असा अंदाज होता, आणि १९६५ पर्यंत तो आकडा लाखाच्या आसपास उतरला. त्यात घराघरांच्या भिंतींवर फवारलेल्या डीडीटीचा वाटा फार मोठा होता. ज्यांच्या घरातली माणसे वाचली त्यांना त्या पुडीचा वास अजून आठवत असेल.

युद्धानंतरचे अंक चाळताना जाणवते की, नियतकालिकाचा चेहराच पालटला आहे. किडीची दिनचर्या सांगणारे लेख कमी कमी होत जातात आणि चाचण्यांचे लेख दाटी करतात. अमुक किडीवर तमुक औषध, चार मात्रा, तीन फवारण्या, एक तक्ता. डीडीटी, बीएचसी, पॅराथिऑन, क्लोरडेन, टॉक्साफीन अशी नवी नावे दर वर्षी. हे असे का झाले, याची कारणे मला अगदी व्यवहारातली वाटतात. एखाद्या किडीचे जीवनचक्र नीट मांडायला तीन-चार हंगाम लागतात. चाचणी एका हंगामात उरकते आणि तिचा लेख डिसेंबरपर्यंत तयार होतो. औषधे बनवणारे कारखाने नमुने द्यायला आणि चाचण्यांचा खर्च उचलायला तयार होते. किडीच्या दिनचर्येचा खर्च कोण उचलणार? शास्त्रज्ञ लबाड झाले असे मी म्हणत नाही. बढती लेखांच्या संख्येवर ठरते, संख्या चाचण्यांनी वाढते आणि चाचण्यांना पैसा मिळतो, एवढी साखळी पुरेशी असते. आपल्याकडे ती ओळखीची वाटली, तर त्यात आश्चर्य नाही.

त्या दिवसांचा उत्साह कसा होता ते पाहायचे तर १९४७ च्या खंडाचे पहिलेच पान उघडावे. तिथे संघटनेचे अध्यक्ष क्ले लाइल यांचे भाषण आहे, विषय किडींच्या समूळ उच्चाटनातले यश आणि पुढच्या शक्यता. किडींना नुसते आवरत बसण्यापेक्षा काहींना कायमचे संपवण्याची वेळ आता आली आहे, असा त्याचा सूर. आणि दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, याच नियतकालिकात किंग आणि गॅहन या दोघांचा लेख आला. विषय होता घरमाशीपुढे डीडीटीचे अपयश. ज्या घरमाशीचा डीडीटीने फडशा पडेल असे साऱ्या जगाला वाटले होते, ती त्याच्या पुडीवर निवांत बसू लागली होती. स्वीडनमधून १९४६ पासूनच असे ऐकू येऊ लागले होते.

मेलँडर यांचा प्रश्न असा परत आला, पण या वेळी त्याला कपाटात ठेवता येण्यासारखे नव्हते. माशीमागून डास, डासांमागून उवा, मग पिकांवरच्या किडी. आपल्या देशातल्या शेतीच्या किडींत पहिली नोंद १९६३ सालची, आणि कीड कोणती? तर शिंगाड्यावरचा भुंगेरा! तळ्यातल्या शिंगाड्याची पाने खाणाऱ्या या किड्यावर डीडीटी आणि बीएचसी चालेनासे झाल्याचे दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतल्या एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हे तेच प्रधान, ज्यांनी १९६२ च्या टोळधाडीच्या वेळी निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत हे दाखवून दिले. आज आपले शेतकरी पाच टक्के निंबोळी अर्क फवारतात, त्यामागे या कामाची पुण्याई आहे. एव्हाना आपल्याकडेही स्वतःची पाने झाली होती. भारतीय कीटकशास्त्रज्ञांची संघटना १९३८ मध्ये स्थापन झाली आणि तिचे 'इंडियन जर्नल ऑफ एन्टोमॉलॉजी' १९३९ पासून निघू लागले.

पुन्हा त्या अमेरिकन नियतकालिकाकडे येऊ. चाचण्यांच्या या भाऊगर्दीतच, १९५५ मध्ये, त्याने शतकातला एक विलक्षण लेख छापला, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. लेखक एडवर्ड निपलिंग. गुरांच्या जखमेत अंडी घालणाऱ्या एका माशीचा, स्क्रूवर्मचा, त्यांचा अभ्यास होता. तिच्या अळ्या जिवंत गुराचे मांस खातात. निपलिंग यांनी विचार मांडला तो असा. कारखान्यात लाखो माश्या वाढवायच्या, किरणोत्साराने नर नपुंसक करायचे आणि रानात सोडून द्यायचे. मादी साधारणपणे एकदाच जुगते, तेव्हा या नराशी जुगली की तिची अंडी फुकट. दर पिढीत कीड घटत जाईल, आणि जितकी घटेल तितके सोडलेले नर भारी पडतील. औषध नेमके उलटे वागते, कीड विरळ झाली की त्याचा प्रभावही मंदावतो. त्याच अंकात, लगेच पुढच्या पानांवर, त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्षात करून पाहिल्याची हकिगत आहे. कुरासाव नावाच्या लहानशा बेटावर १९५४ मध्ये हा प्रयोग यशस्वी झाला होता. पुढे अमेरिकेतून ही माशी हद्दपार झाली. कायमची मात्र म्हणवत नाही. मध्य अमेरिकेतून उत्तरेकडे सरकत ती नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा मेक्सिकोत पोचली.

रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ मध्ये आले. त्या पुस्तकाने कीटकशास्त्रज्ञ दुखावले, काही तर चांगलेच संतापले. पण कार्सन यांनी आपला दारूगोळा बाहेरून आणलेला नव्हता. निपलिंग यांच्या कामाचे त्यांनी कौतुक केले आहे. आणि किडींच्या वाढत्या निर्ढावलेपणाविषयीच्या सोळाव्या प्रकरणात त्या कुठे जातात? क्लार्कस्टनच्या सफरचंदाच्या बागेत! अट्ठेचाळीस वर्षे कपाटात पडलेली हकिगत सामान्य वाचकांपर्यंत पोचली ती अशी, कीटकशास्त्रज्ञ नसलेल्या एका लेखिकेच्या हातून.

त्यानंतर नियतकालिकांच्या व्यवहारातच जे बदल झाले ते बाहेर फारसे कोणी सांगत नाही, पण मला ते महत्त्वाचे वाटतात. अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली १९७२ मध्ये. त्याच वर्षी या संघटनेने परिसरातल्या कीटकजीवनासाठी 'एन्व्हायरन्मेंटल एन्टोमॉलॉजी' हे वेगळे नियतकालिक काढले. मग १९७६ पासून नुसत्या औषध-चाचण्यांचे छोटे वृत्तांत छापायला एक स्वतंत्र वार्षिक प्रकाशन सुरू केले. म्हणजे घराच्या दर्शनी ओसरीवर जी पोती रचून ठेवली होती, ती मागच्या कोठीत हलवली. चाचण्या बंद झाल्या नाहीत, व्हायलाही नकोत. पण मुख्य अंकात यायचे तर चाचणीच्या पलीकडे काही तरी सांगावे लागेल, असा दंडक पडत गेला. आणि ज्या गोष्टीचा प्रश्न म्हणून उल्लेख करायला १९१४ साली धाडस लागले, त्या किडींच्या प्रतिकारशक्तीसाठी आज या नियतकालिकात एक कायमचा विभाग आहे. निरनिराळ्या औषधांना दाद न देणाऱ्या किडींच्या जाती १९८४ पर्यंतच्या मोजणीत ४४७ भरल्या होत्या. आता त्या सहाशेच्या पुढे आहेत. लेखकांची संख्याही बदलली. मेलँडर एकटे, अॅबट एकटे, लाइल एकटे. आज एका लेखाखाली सहा-सात नावे सहज असतात आणि ती जगभरातली असतात.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सगळे मोठे विचार इथेच छापले गेले असे नाही. नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तेव्हाच फवारा उचलावा, ही 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणून आपल्या कृषी सहायकांच्या तोंडी असलेली कल्पना १९५९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या 'हिल्गार्डिया' या नियतकालिकात आली. ऐन चाचण्यांच्या बहरात ती तिकडे गेली, यात माझ्या मते थोडा अर्थ आहे.

आता १९९०. पुन्हा हेच नियतकालिक. ब्रूस टॅबॅश्निक आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा लेख. हवाई बेटांवरच्या भाजीच्या शेतांत, कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग बीटीला दाद देईनासा झाल्याचे त्यांनी दाखवले. बीटी म्हणजे मातीत सापडणाऱ्या एका जिवाणूचे विष. ते तेव्हा फवारणीसाठी वापरत. नैसर्गिक विष आहे, याला किडी निर्ढावणार नाहीत, अशी अनेकांची समजूत होती. शेतातल्या किडीने ती खोटी ठरवली. याच जिवाणूचा जनुक घातलेला कापूस अमेरिकेत १९९६ मध्ये आणि भारतात २००२ मध्ये शेतात आला. तेव्हा 'आम्हाला काय माहीत' असे म्हणायला कोणालाही जागा नव्हती. बारा वर्षे आधी ते छापलेले होते.

पुढची हकिगत महाराष्ट्राला सांगायला नको. गुलाबी बोंडअळी ही मूळची आपल्याच मुलखातली ओळखीची. शास्त्राच्या दफ्तरात तिचे नाव १८४३ मध्ये चढले, ते भारतातल्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून. गुजरातच्या चार जिल्ह्यांत ती एका जनुकाच्या बीटी कापसाला जुमानत नसल्याचे खुद्द बियाणे कंपनीने २०१० मध्ये जाहीर केले. त्याआधीच बाजारात आलेले दोन जनुकांचे बियाणेही काही वर्षांत निष्प्रभ झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भात आणि मराठवाड्यात डोमकळ्या दिसू लागल्या आणि बोंडे फोडून पाहिली तर आत सरकी पोखरलेली. त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणी करता करता कित्येक शेतकऱ्यांना आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचे प्राण गेले. 'औषध' हा शब्द तेव्हा फार टोचला.

आणि दुसरीकडे पाहा. हीच गुलाबी बोंडअळी १९१७ मध्ये अमेरिकेत पोचली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने जाहीर केले की, देशाच्या कापूस पिकवणाऱ्या भागातून तिचे उच्चाटन झाले आहे. आपल्याकडच्या त्या हंगामाला तेव्हा जेमतेम वर्ष उलटले होते. बीटी कापूस तिथेही होता. पण त्याच्या जोडीला सुरुवातीची दहा वर्षे ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटी कापसाचा 'आश्रय' नेमाने पेरला. त्यामागचा हिशेब असा. बीटी खाऊनही जगलेला एखादा पतंग आश्रयाच्या ओळींतल्या साध्या पतंगाशी जुगला, तर त्यांची पिल्ले बीटीवर मरतात आणि निर्ढावलेली वंशावळ तिथेच खुंटते. मग २००६ पासून त्यांनी विमानांतून अब्जावधी वांझ पतंग सोडले. ही निपलिंग यांची कल्पना. जे निर्ढावलेले थोडेफार उरले त्यांना जोडीदार म्हणून वांझ पतंगच मिळाले. सोबत मादीच्या वासाने नरांना भुलवणारे गंध वापरले आणि हंगाम संपला की पऱ्हाटी नांगरून टाकली. १९१४, १९५५ आणि १९९० अशा तीन खंडांत विखुरलेले ज्ञान एका मोहिमेत एकत्र आले.

आपल्याकडे हे होऊ शकले नाही, याचा दोष एकट्या शेतकऱ्यावर टाकणाऱ्यांशी माझे पटत नाही. नियम इथेही होता. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे बिगर-बीटीचे वेगळे पाकीट येई, ते शेताच्या कडेने पेरायचे. पण पाच-सात एकरांच्या कोरडवाहू धन्याने शेताचा एक पट्टा मुद्दाम किडीच्या तोंडी का द्यायचा, हे त्याला समजेल अशा मराठीत किती जणांनी सांगितले? शिवाय आपले बियाणे संकरित, पीक लांब मुदतीचे, आणि चार पैसे जास्त मिळावेत म्हणून फरदड घ्यायची म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस उभा. बोंडअळीला बारमाही अन्नछत्र. ॲरिझोनातला शेतकरी मोठा, सिंचनाचा आणि कायद्याच्या धाकातला. मूळ शोधनिबंध वाचायचे तर आज एकेका लेखाला पैसे मोजावे लागतात, आणि ते वाचून शेतकऱ्याला सांगणारा कृषी सहायक अनेक गावांना मिळून एक.

ते १२० ग्रॅमचे पाकीट बहुतेक ठिकाणी बांधावरच पडून राहिले. आता बिगर-बीटी बी थोड्या प्रमाणात त्याच पाकिटात मिसळून विकायची पद्धत आली आहे, म्हणजे शेतकऱ्याला ते वेगळे टाकूनच देता येऊ नये. त्यावरही कीटकशास्त्रज्ञांत वाद आहे. मिसळून पेरले की दोन्ही झाडांचा परागसंकर होतो, एकाच बोंडात काही सरक्या विषारी तर काही बिनविषारी निघतात. अळी बोंडात शिरून एका सरकीतून दुसरीत जाते, तिला थोडे थोडे विष मिळते, आणि थोड्या विषावर वाढलेली अळी पुढे काय करील यावर सध्या मोजमाप चालू आहे.